पत्रकावरचे ‘मोफत’ आणि घरचा हिशोब : आरसेटीच्या महिनाभराच्या निवासी प्रशिक्षणाविषयी

‘प्रशिक्षण मोफत, निवास मोफत, चहा-नाश्ता-जेवण मोफत’ असे एकाच ओळीत तीनदा छापलेले पत्रक आमच्या सुनेने बचत गटाच्या बैठकीतून घरी आणले आणि जेवणे झाल्यावर माझ्यासमोर ठेवले. “तात्या, शिवणकामाचा महिनाभराचा कोर्स आहे, राहून करायचा. तुम्ही आणि आई बाळाला सांभाळाल का, तेवढं सांगा,” एवढेच ती म्हणाली. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे सगळे जिला ‘आरसेटी’ म्हणतात तिचे, ते पत्रक होते. तिचे प्रशिक्षण गेल्या दिवाळीनंतर झाले. त्या महिन्याचा आणि त्यानंतरच्या काळाचा अनुभव मी येथे लिहीत आहे, कारण संस्थेबद्दल जे काही ऐकायला मिळते ते एकतर सरकारी कौतुकाचे असते, नाहीतर ‘तिथे काही शिकवत नाहीत’ अशा चावडीवरच्या शेऱ्याचे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असल्यामुळे शिकवणे कसे चालले आहे हे पाहण्याची खोड अजून गेलेली नाही. म्हणून भेटायला गेलो की वर्गाच्या दाराशी थोडा वेळ उभा राहत असे.

ही व्यवस्था कोठून आली ते थोडक्यात सांगतो, कारण तिच्या रचनेतच तिचे गुण आणि दोष आहेत. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने धर्मस्थळाचा शैक्षणिक ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून ‘रुडसेटी’ नावाची संस्था काढली. बेकार ग्रामीण तरुणांना थोड्या दिवसांत एखादे काम शिकवायचे, धंदा कसा करायचा हे त्याबरोबरच शिकवायचे आणि मग बँकेने कर्ज देऊन त्यांना उभे करायचे, अशी ती कल्पना होती. २००९ नंतर केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तीच पद्धत देशभर नेली. जिल्ह्याला एक संस्था, ती चालवण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी त्या जिल्ह्याच्या अग्रणी (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या) बँकेकडे, जागा राज्य सरकारची आणि इमारतीसाठी केंद्राचे अनुदान, अशी मांडणी आहे. आज देशात अशा ६०० च्या आसपास संस्था आहेत. संचालक हा बँकेतून आलेला अधिकारी असतो. कर्जाचा अर्ज शाखेत कोठे अडकतो हे त्याला ठाऊक असते, ही मोठीच सोय आहे. मात्र बँकेचा माणूस समोर आलेल्या अर्जदाराकडे पाहतो. अर्जदार ज्या घरातून उठून आली त्या घराकडे पाहण्याची त्याला सवय नसते. पुढच्या बऱ्याच गोष्टी यातून निघतात.

प्रवेशाला फारसा त्रास झाला नाही. आधार, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि फोटो एवढेच लागले. सून ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात असल्यामुळे दारिद्र्याचा वेगळा दाखला कोणी मागितला नाही, गटाचे पत्र पुरले. मुलाखतीत मात्र प्रश्न चांगले विचारले. गावात घरे किती, सध्या बायका ब्लाउज कोणाकडे शिवायला टाकतात, त्या शिंपिणीकडे किती दिवस लागतात, तुझ्या घरात यंत्र कोठे ठेवशील आणि तेथे उजेड येतो का, असे ते प्रश्न होते. शेवटचा प्रश्न ऐकून मला समाधान वाटले, कारण विचारणाऱ्याला काम माहीत होते. घराविषयी म्हणाल तर ‘घरच्यांची हरकत नाही ना?’ एवढे एकच वाक्य आले आणि ती ‘नाही’ म्हणाल्यावर पुढचा कागद उलटला गेला. सव्वादोन वर्षांचे मूल आहे हे अर्जात लिहायला रकानाच नव्हता.

शिकवण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण संस्थेचे खरे बळ तेथे आहे. दिवस सकाळी लवकर प्रार्थना, योगासने आणि थोड्या श्रमदानाने सुरू होतो. त्यानंतर वर्ग भरला की ‘मिली’ नावाचा एक भाग असतो. काल शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, हे प्रत्येकीने उभे राहून सांगायचे. मी चाळीस माणसांपुढे न बोलणारी मुले वर्षानुवर्षे पाहिली आहेत, त्यामुळे या एका सवयीने काय होते हे मला चटकन कळले. दुसऱ्या दिवशी मी दाराशी उभा असताना एक पंचविशीतली मुलगी पदर तोंडाशी धरून ‘काल मुंढा (बाही जोडायचा भाग) कापायला शिकले’ एवढेच बोलून खाली बसली. अठराव्या दिवशी तीच मुलगी मुंढा अर्धा इंच जास्त खोल गेला तर बाही कोठे ओढते, ते स्वतःच्या अंगावरच्या ब्लाउजवर हात ठेवून सर्वांना दाखवत होती.

पहिल्या आठवड्यात यंत्राला फारसा हात लावू दिला नाही याबद्दल काही जणींनी कुरकुर केली. मला ते योग्य वाटले. आधी मापे घ्यायला शिकवले, मग जुन्या वर्तमानपत्रांवर खडूने आखून कापणी करून घेतली, आणि कागदी ब्लाउज टाचण्यांनी जोडून एकमेकींच्या अंगाला लावून पाहायला सांगितले. चूक कागदावर होते तोवर कोणाच्या खिशाला झळ लागत नाही. त्यानंतर अस्तराचा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, परकर, लहान मुलींचे फ्रॉक आणि शेवटी पंजाबी ड्रेस असा क्रम होता.

मध्ये उद्योजकतेचे दिवस घातले होते आणि मी ज्याकडे थोड्या संशयाने पाहत होतो ते तेच. खेळ खेळवतात असे ऐकले होते. एक खेळ रिंग टाकण्याचा होता. खुंटीपासून किती अंतरावर उभे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. लांबून रिंग पडली तर गुण जास्त, जवळून पडली तर अगदी थोडे. खेळ संपल्यावर कोण कोठे उभे राहिले आणि का, यावर तासभर बोलणे झाले. सुनेने घरी आल्यावर सांगितले, “मी पहिल्यांदा खुंटीला चिकटूनच उभी राहिले, तात्या. दुसऱ्या फेरीत दोन फरशा मागे सरकले.” पुढे कर्ज किती मागायचे यावर घरात चर्चा झाली तेव्हा तिने हाच दोन फरशांचा हिशोब काढला आणि एक लाखाऐवजी ५० हजारांवर थांबली. बाजारपेठेच्या पाहणीसाठी चौघी-चौघींचे गट शहरात पाठवले होते. दुकानात गिऱ्हाईक म्हणून न जाता ‘आम्ही शिकतो आहोत’ असे सांगून दर, मजुरी, सणासुदीला येणारे काम आणि उधारी यांची माहिती काढायची होती. तिच्या वहीत त्या दिवसाची पाने आजही आहेत आणि उधारीच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या आहेत.

आता उणिवा सांगतो. तुकडीत ३५ जणी होत्या आणि शिवणयंत्रे २२. त्यांतील तीन यंत्रांचे काही ना काही बिघडलेले असे. एकाचा पट्टा सतत उतरायचा, एकाची बॉबीन धागा तोडायची. कापडाच्या कडा शिवणारे ओव्हरलॉक यंत्र एकच. त्यामुळे दुपारचा सराव पाळीपाळीने चालला आणि शेवटच्या आठवड्यात घाई झाली. पंजाबी ड्रेस दोन दिवसांत उरकला, सलवारीचा तर एकच नमुना झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी परीक्षा घेतली तेव्हा नेमका कुर्ताच निघाला आणि सुनेसह निम्म्या जणींची चाक्यांची (कुर्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उघड्या फटींची) फिनिशिंग कच्ची राहिली. उत्तीर्ण सगळ्या झाल्या. प्रमाणपत्र दीड महिन्याने आले. शिकवणाऱ्या बाई स्वतः दुकान चालवणाऱ्या होत्या, हाताने सुरेख काम करणाऱ्या होत्या, पण ३५ जणींच्या मागे एक माणूस किती वेळा उभा राहणार?

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ होती. बायकांची खोल्यांची बाजू वेगळी, रात्री पहारेकरी, पाणी भरपूर, जेवण वेळेवर. याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

तक्रार आहे ती पत्रकावरच्या त्या ‘मोफत’बद्दल. संस्थेच्या बाजूने ते अक्षरशः खरे आहे. तिने एक रुपयाही घेतला नाही. आमच्या बाजूने हिशोब असा होता. मुलगा दूध संकलनाच्या टेंपोवर चालक आहे, पहाटे तीनला घर सोडतो. पत्नीचे गुडघे गेलेले आहेत, ती मुलाला उचलून घेऊ शकत नाही. मग नातवाचे उठणे, न्हाणे, भरवणे आणि रात्रीचे रडणे मी पाहिले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा लंगोट वाळत घालायला शिकलो. हे मी विनोदाने लिहितो, पण नवव्या दिवशी त्याला ताप भरला तेव्हा विनोद सुचत नव्हता. सुनेला कळवावे की नाही यावर आम्ही नवरा-बायको अर्धी रात्र बोलत बसलो. कळवले तर ती येणार, आली तर यंत्रावर बोट लावून लागणारी हजेरी चुकणार, आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही अशी तिची समजूत करून दिलेली. शेवटी कळवले. ती शनिवारी संध्याकाळच्या एसटीने आली, रविवारी रात्रभर जागली, सोमवार चुकला.

अंगणवाडी गावात आहे, सेविकाही चांगली आहे. पण अंगणवाडीची बसायची वेळ सकाळची काही तासांची आणि वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांचा. तीन वर्षांखालच्या मुलांचा घरपोच आहार पाकिटातून घरी येतो, मूल तेथे राहत नाही. १९७५ पासून चालत आलेल्या या योजनेने पोषणाची बाजू सांभाळली हे खरे, पण आईला दिवसभर मोकळे करणे हा तिचा हेतू नव्हताच.

तिसऱ्या आठवड्यापासून सुनेने रोज येऊन-जाऊन करायचे ठरवले. आमचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ३४ किलोमीटरवर आहे. सकाळची सहा चाळीसची गाडी पकडायची आणि सायंकाळी साडेसातच्या सुमारास परतायचे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे म्हणून हे परवडले, नाहीतर दोन आठवड्यांच्या प्रवासातच विषय संपला असता. अर्थात या दगदगीत सकाळची योगासने आणि श्रमदान गेले, संध्याकाळचा सराव गेला, आणि निवासी प्रशिक्षणाचा जो फायदा म्हणून सांगतात, रात्री चौघी एकत्र बसून एकमेकींची उसवलेली शिवण पाहण्याचा, तोही गेला. पहिल्या आठवड्यात तिच्या तुकडीतल्या चोवीस जणी मुक्कामाला होत्या, शेवटच्या आठवड्यात अकरा उरल्या. घरी परतलेल्या बहुतेकींना लहान मुले होती, एकीचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते, एकीच्या घरी म्हैस व्यायची होती. तिन्ही कारणे मला सारखीच वजनदार वाटतात.

यात एक दृश्य मात्र मनात राहिले. दूरच्या तालुक्यातली एक मुलगी आठ महिन्यांचे तान्हे घेऊन आली होती आणि त्याच्यासाठी तिची आईही आली होती. नियमात असे बसत नव्हते. संचालकांनी जेवणाच्या खोलीमागची एक सामानाची खोली रिकामी करून दिली, आजीच्या जेवणाचे ताट वाढवले आणि रजिस्टरमध्ये काहीच लिहिले नाही. आजी पडवीतल्या आडव्या लोखंडी नळीला साडीची झोळी बांधून दिवसभर दोरी ओढत बसे. दर दोन तासांनी मुलगी वर्गातून उठून येई, पाजून परत जाई आणि येताना कापणीचा कागद बरोबर आणून आजीला दाखवी. दहाव्या दिवसापासून त्या झोळीशेजारी आणखी दोन मुले दिसू लागली. शहरातच माहेर असलेल्या दोघींनी आपली मुलेही आजीपाशी ठेवायला सुरुवात केली होती. त्या आजीला कोणी काही दिले की नाही मला ठाऊक नाही, पण त्या तुकडीचे खरे पाळणाघर ती एकटी चालवत होती. संचालकांच्या चांगुलपणाला माझा नमस्कार. पण चांगुलपणा त्या माणसाबरोबर बदलून जातो, आणि बँकेत बदल्या दर दोन-तीन वर्षांनी होतात.

ही सोय अशक्यप्राय आहे असे कोणी म्हणू नये. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातच अशी तरतूद केलेली होती की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला त्यांच्यातलीच एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. दगड फोडण्याच्या आणि बांध घालण्याच्या कामावर जे सुचले ते शिवणवर्गात का सुचू नये? केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास चालणारी पाळणाघरे आहेत, आणि देशभरात १७,००० अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरे उघडण्याचे ठरलेले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आरसेटीच्या आवारालगत असे एक पाळणाघर असेल तर ३५ जणींच्या तुकडीतल्या पाच-सहा मुलांचा प्रश्न एका खोलीत आणि एका बाईच्या पगारात सुटतो. दोन्ही योजना केंद्राच्या आहेत, फक्त मंत्रालये वेगळी आहेत.

दुसरा खर्च बुडालेल्या मजुरीचा. आमच्याकडे दिवाळीनंतर कांदालागण सुरू होते आणि वर्षात बाईमाणसाच्या हाताला सर्वांत जास्त भाव याच दिवसांत मिळतो. सून या हंगामात वीस-बावीस दिवस टोळीबरोबर जाते. रोज ३०० रुपये धरले तरी सहा हजारांवर रक्कम बुडाली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे तर विचारूच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ एकदा कारखान्यावर गेला की मार्च-एप्रिलपर्यंत त्या घरातली बाई कोणत्याच वर्गाला येऊ शकत नाही. संस्थेचे वर्षाचे वेळापत्रक एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाच्या उद्दिष्टांवर आखलेले असते, शेताच्या वर्षावर नाही. शिवणकामाची तुकडी मे महिन्यात ठेवली असती तर लागणही बुडाली नसती आणि मुलाचे मामाही सुट्टीत मदतीला आले असते. मी हे संचालकांना सांगितले. त्यांनी लिहून घेतले, पण मार्चपूर्वी आकडा पुरा करायचा असतो हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

येथे एक तुलना करणे भाग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम धरून अठरा व्यवसाय आहेत आणि तेथे प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते, शिवाय अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. मजुरी बुडते ही गोष्ट सरकारला समजते, असा त्याचा अर्थ. पण ती योजना आधीपासून तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे आणि तिचे सुरुवातीचे प्रशिक्षण आठवडाभराचे आहे. ज्या सुनेने अजून सुई धरलेली नाही तिच्यासाठी आरसेटीच हवी, आणि आरसेटीत विद्यावेतन नाही.

दुसरी तुलना दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेशी. २०१४ साली आलेल्या त्या योजनेत नोकरी लावून देण्यावर भर आहे, आणि नोकरी जितकी घरापासून दूर तितके अधिक महिने हातखर्चाला मदत, अशी रचना केलेली आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला त्यातून शहरात काम मिळाले आणि तो सुखी आहे. पण अंगावर लेकरू आणि घरात म्हातारी माणसे असलेल्या बाईला पुण्या-मुंबईच्या शोरूममधली नोकरी दाखवून काय उपयोग? आरसेटीचा धंदा घराच्या ओसरीवर बसून करायचा असतो. महिनाभर घर सोडायला लावून पुढची कैक वर्षे घरातच कमाई ठेवणारी ही एवढी एकच व्यवस्था माझ्या पाहण्यात आहे, आणि म्हणूनच त्या एका महिन्याची सोय तिने नीट लावावी असा माझा आग्रह आहे.

प्रशिक्षणानंतरचा भाग कर्जाचा. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. ओव्हरलॉक, पिको-फॉलचे यंत्र आणि मोटार यांसाठी तेवढे पुरेसे होते. अर्ज संस्थेनेच भरून दिला, प्रकल्पाचा कागद तिनेच तयार करायला शिकवला, हे उत्तम. पुढे आमच्या भागातल्या एका शाखेत तो अर्ज दोन महिने पडून राहिला. आधी जामीनदार आणा म्हणाले, मग माझ्या नावचा सातबारा मागितला. लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगितलेले आहे, हे सुनेला वर्गात शिकवलेले होते आणि तिने ते तेथे सांगितलेही. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले. असे तीन पुढचे आठवडे झाले. दरम्यान तिने बचत गटातून २०,००० रुपये उचलले आणि जुने ओव्हरलॉक घेतले. शेवटी आरसेटीच्या संचालकांनी शाखेत दूरध्वनी केला आणि त्यानंतर बारा दिवसांत पैसे जमा झाले. त्या दूरध्वनीसाठीच संचालक बँकेचा असावा लागतो, हे मला तेव्हा पटले. पण प्रत्येकीसाठी दूरध्वनी करावा लागत असेल तर शाखांना आणि संस्थेला जोडणारा धागा फार बारीक आहे असेच म्हणावे लागेल.

प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करण्याचा संस्थेचा नियम आहे आणि आमच्या बाबतीत तो पाळला जात आहे. आजवर चार वेळा विचारणा झाली, एकदा प्रशिक्षक बाई स्वतः घरी आल्या. यंत्र कोठे ठेवले आहे ते त्यांनी पाहिले, खिडकीकडे पाठ करून बसतेस म्हणून सावली कापडावर पडते असे सांगून यंत्र फिरवून ठेवायला लावले, आणि पंजाबी ड्रेसच्या चाक्या पुन्हा एकदा शिकवल्या. वर्गात राहून गेलेले त्या दिवशी ओसरीवर भरून निघाले. संस्थेच्या भाषेत आता सून ‘सेटल’ झाली आहे आणि तीही बँकेच्या कर्जावर, म्हणजे त्यांच्या तक्त्यातल्या चांगल्या रकान्यात. महिन्याला साडेचार ते सहा हजार मिळतात, लग्नसराईत नऊपर्यंत गेले होते. उधारी मात्र वहीतल्या दोन रेघांना न जुमानता वाढली आहे. गावात ओळखीच्या बाईला पैसे मागणे ही कला कोणत्याच वर्गात शिकवता येत नसावी.

गुण द्यायचेच झाले तर शिकवण्याला आणि पाठपुराव्याला मी पाचपैकी साडेचार देईन, यंत्रसामग्रीला तीन, कर्जाच्या व्यवस्थेला तीन, आणि येणाऱ्या बाईच्या घराचा विचार करण्याला एक. तो एकही त्या झोळीसाठी रिकाम्या केलेल्या खोलीचा आहे. जाणाऱ्यांनी अर्ज करतानाच तुकडीचे महिने विचारून घ्यावेत, मुलाला कोण पाहणार ते आधी ठरवावे आणि ते ठरत नसेल तर संस्थेला गावात येण्याची विनंती करावी. पुरेशा बायका एका ठिकाणी जमल्या तर आरसेटी आपल्या आवाराबाहेर, गावातल्या समाजमंदिरातही वर्ग घेते. शेजारच्या गावात शेळीपालनाचा दहा दिवसांचा वर्ग असाच झाला आणि त्याला एकही बाई गळाली नाही.

आमच्या आळीतली एक सून आता ब्युटी पार्लरच्या प्रशिक्षणाला जायचे म्हणते. तिचे बाळ चार महिन्यांचे आहे. तिच्यासाठी म्हणून मी संस्थेत विचारले, तेव्हा गावात वर्ग घ्यायला किमान २५ नावे द्या, तारीख आपण मिळून ठरवू, असे उत्तर मिळाले. मे महिना द्या असे मी लगेच सांगून ठेवले आहे. समाजमंदिराची किल्ली सरपंचांकडे आहे, वीजजोडणी चालू आहे, मागे एक छोटी खोली आहे तीत झोळी बांधता येईल. बचत गटांच्या बैठकांतून कालपर्यंत १९ नावे जमली आहेत.